शरीराच्या नावात लाज कुणी घातली?

आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द इंग्रजी डॉक्टरकीतला, मूळचा लॅटिन. आमच्या बचतगटात तो आला एका काकूंच्या फाईलमधून.

काकूंचं नाव सांगणार नाही. गोष्ट सांगायला त्यांची परवानगी आहे, पण नाव नको म्हणाल्या. त्यांचं तिसरं बाळंतपण घरी झालं. दोन रात्री कळा, बाळ अंगानं मोठं. बाळ सुखरूप आलं, पण तेव्हापासून काकूंना खोकला आला, शिंक आली, मोठ्यानं हसू आलं की लघवी व्हायची. अकरा वर्षं हे चाललं. एसटीनं लांब जायचं त्यांनी सोडलं. लग्नाच्या पंगतीला बसायचं सोडलं. गटाच्या बैठकीत त्या कायम दाराजवळ बसायच्या आणि हप्ता भरला की उठायच्या. आम्हाला वाटायचं, म्हशीची धार काढायची घाई असेल. बैठकीच्या वहीत आम्ही त्यांच्या नावापुढे 'लवकर गेल्या' असं कितीदा लिहिलं असेल, आता ती पानं बघवत नाहीत.

त्या दवाखान्यात गेल्या नव्हत्या असं नाही. गेल्या होत्या. पण डॉक्टर पुरुष, बाहेर बाकावर गावातलीच माणसं. "काय होतंय?" असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "पोटात दुखतंय." दोन वर्षं त्यांनी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. डॉक्टरनं पुढं विचारलं नाही, काकूंनी पुढं सांगितलं नाही. आम्ही नंतर विचारलं, "काकू, खरं का नाही सांगितलं?" तर म्हणाल्या, "आगं, सांगू काय? त्या जागेला मी काय म्हनू? त्येबी बाप्या माणसापुढं?"

पुढं एका तपासणी शिबिरात एका डॉक्टरबाईंनी त्यांना पडद्यामागं नेलं आणि सरळ विचारलं, "खोकताना लघवी होते का?" काकूंना रडूच आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो प्रश्न विचारला होता. तिथून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं आणि तिथल्या कागदावर इंग्रजीत दोन शब्द लिहून आले. पुडेंडल नर्व्ह. काकू फाईल घेऊन आमच्याकडं आल्या. "ह्ये काय लिवलंय? क्यान्सर तर न्हाई ना?"

कॅन्सर नव्हता. नर्व्ह म्हणजे नस, एवढं आम्हाला कळत होतं. बाकीचं डॉक्टरबाईंनी फोनवर समजावलं. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर जे रुंद हाड असतं, तिथून ही नस निघते. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. आपण ज्या हाडांवर बसतो त्यांच्या आतल्या बाजूनं ती पुढं येते. लघवी रोखून धरणं, संडास रोखून धरणं, हे आपण ज्या स्नायूंनी करतो त्यांना हुकूम पोचवण्यात हिचा मोठा वाटा. पायांच्या मधल्या बऱ्याचशा भागाची जाणीवही हीच मेंदूकडं नेते. अवघड बाळंतपणात बाळाचं डोकं खाली सरकताना ती ताणली जाऊ शकते. दवाखान्यात बाळंतपण होताना कधीकधी हिच्याजवळ सुई देऊन तेवढाच भाग बधिर करतात, मग टाके घालताना बाईला कळत नाही. म्हणजे बाईच्या आयुष्यात किती कामाची नस ही!

पुरुषांनाही हीच नस असते बरं का. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्यांची ती दबते आणि खाली मुंग्या येतात.

नस समजली. पण आमच्यातल्या एकीला शब्दांची खोड आहे. बी. ए. ला असताना लागलेली ती खोड गटाचे हिशोब लिहूनही गेली नाही. तालुक्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन तिनं मोठा इंग्रजी कोश काढला. 'पुडेंडल' हे 'पुडेंडम' वरून आलेलं. आणि पुडेंडम म्हणजे? लॅटिन भाषेत 'पुदेरे' म्हणजे लाज वाटणं. त्यावरून पुडेंडम, म्हणजे ज्याची लाज वाटली पाहिजे ते. 'वाटते' नव्हे, 'वाटली पाहिजे'. मराठीत जसं 'करणीय' म्हणजे करण्याजोगं, 'पूजनीय' म्हणजे पूजा करण्याजोगं, त्याच घडणीचा तो शब्द आहे. मराठीत करायचा तर 'लज्जनीय' असा काहीतरी होईल.

बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा कुणी बोललं नाही. मग एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे इंग्रजीतही तसंच का?" आम्ही सगळ्या हसलो, आणि हसू ओसरल्यावर वाटलं, ही गोष्ट नीट बघायला हवी.

तर बघू. हा शब्द जुन्या रोमन लोकांचा. त्यांच्याकडं तो फक्त बाईसाठी नव्हता, पुरुषाच्या अवयवालाही ते हेच म्हणत. त्यांच्याआधी ग्रीक लोक 'आयदोइऑन' म्हणत. तो शब्द 'आयदोस' वरून आला, आणि आयदोसचे अर्थ दोन. एक लाज, दुसरा आदर, मर्यादा. आपल्या 'लाज' शब्दाचंही तसंच नाही का? 'लाज वाटली' म्हणजे मान खाली गेली, आणि 'लाज राखली' म्हणजे मान राहिला. एकाच शब्दात मान जाणं आणि मान राहणं दोन्ही. रोमन लोकांचा 'पुदोर' हा शब्दही असाच होता, सभ्य माणसाच्या अंगी तो असावा असं ते मानत. म्हणून पहिल्यांदा ज्यांनी हा शब्द वापरला त्यांनी शिवी म्हणूनच वापरला असं आम्ही म्हणणार नाही. झाकून ठेवायची, जपायची जागा, असाही त्यात अर्थ होता.

पण पुढं तो अर्थ एका बाजूला कलला. आजच्या अल्जेरिया देशात, समुद्रकाठी, तेव्हाच्या हिप्पो नावाच्या शहरात ऑगस्टीन नावाचे बिशप होऊन गेले. इसवी सन ३५४ ते ४३० हा त्यांचा काळ. 'देवाचं नगर' नावाचा त्यांचा मोठा ग्रंथ आहे. त्याच्या चौदाव्या भागात त्यांनी लिहिलं की या अवयवांना लाजेचं नाव आहे ते योग्यच आहे. कारण काय, तर आदम आणि हव्वा यांनी देवाची आज्ञा मोडली आणि तेव्हापासून हे अवयव माणसाच्या मनाचं ऐकेनासे झाले. हात उचल म्हटलं की हात उचलतो, पण वासनेला मन आवरू शकत नाही. ऑगस्टीन पुरुष आणि बाई दोघांबद्दल बोलत होते, हेही खरं. युरोपात पुढची हजार वर्षं त्यांच्या ग्रंथांचा मोठा अधिकार होता, आणि शिकलेल्यांची भाषा लॅटिनच होती. वैद्यकीचे ग्रंथही लॅटिनमध्येच लिहिले जात. शब्द तिथं टिकला.

आता उडी मारून १८९५ सालात येऊ. तोवर युरोपात मुडद्यांची चिरफाड करून शरीर शिकणं रुळलं होतं. पण घोटाळा असा की एकाच हाडाला जर्मनीत एक नाव, फ्रान्समध्ये दुसरं, इटलीत तिसरं. अशी पन्नास हजारांच्या आसपास नावं फिरत होती. आपल्या गटांच्या वह्यांत प्रत्येकीनं आपापल्या पद्धतीनं नोंदी केल्या तर लेखापरीक्षणाला जशी पंचाईत होते, तशी. मग स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या संस्थेनं सगळी नावं चाळून सुमारे साडेपाच हजार नावांची एक लॅटिन यादी पक्की केली. काम मोठं होतं आणि उपयोगाचं होतं, ते कमी लेखायचं कारण नाही. पण यादी करणाऱ्यांत बाई एकही नव्हती. त्या यादीत बाईच्या बाहेरच्या अवयवाचं नाव आलं 'पुडेंडम मुलिएब्रे'. मुलिएब्रे म्हणजे बाईचं. बाईचं ते, ज्याची लाज वाटली पाहिजे. पुरुषाच्या बाजूला तसं नाव नाही. तिथं प्रत्येक अवयवाचं त्याचं त्याचं नाव, बस्स. रोमन लोकांनी दोघांत वाटलेली लाज इथं एकटीच्या पदरात आली.

नंतरच्या याद्यांत शब्द थोडा बदलला, 'मुलिएब्रे' च्या जागी 'फेमिनिनम' झालं. अर्थ तोच. १९९८ सालच्या यादीतही तो होता, शेजारी 'व्हल्वा' हा दुसरा शब्द ठेवून. १९९८ म्हणजे आमच्यातल्या काहीजणी तेव्हा शाळेत होत्या.

हा शब्द आपल्याकडं कसा आला, ते सांगायला फार लांब जायला नको. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचं शरीररचनेचं पुस्तक निघालं. आजही डॉक्टर होणारी मुलं त्याच्या नव्या आवृत्त्या वापरतात. त्यात बाईच्या या सगळ्या भागाला 'व्हल्वा किंवा पुडेंडम' म्हणतात असं छापलेलं होतं. त्या पुस्तकातली चित्रं काढली हेन्री व्हॅनडाईक कार्टर नावाच्या डॉक्टरनं. आणि हे कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले, पुढं साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाले. आमच्या साताऱ्याकडच्या मैत्रिणींनो, ऐकताय ना? पुस्तक लंडनचं, पण चित्रकार साताऱ्यात राहून गेलेला.

आणि आनंदीबाई जोशी. अमेरिकेत जाऊन १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, हे आपल्याला शाळेत शिकवलं. त्या का गेल्या, तेही आठवा. चौदा वर्षांच्या असताना त्यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं होतं. १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला भाषण करून त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानात बायकांना बाई डॉक्टर हवी आहे, पुरुष डॉक्टरपुढं बायका आपलं दुखणं सांगत नाहीत. आमच्या काकूंचीच गोष्ट ही, सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी. ज्या लाजेवर औषध शोधायला आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या, तीच लाज तिथल्या पुस्तकांत अवयवाचं नाव होऊन बसलेली होती. त्यांना ते जाणवलं असेल का, असं आमच्या मनात येतं.

इतर नावंही बघण्यासारखी आहेत, पण त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. 'व्हजायना' म्हणजे लॅटिनमध्ये म्यान. तलवारीची म्यान. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काय होतं ते वेगळं सांगायला नको. मूल जिथून येतं ती वाट म्हणून नव्हे, काहीतरी आत ठेवायची जागा म्हणून ते नाव पडलं. गंमत म्हणजे आईस्क्रीममधला व्हॅनिला त्याच शब्दाचा नातेवाईक. व्हॅनिलाची शेंग लांबट, म्यानासारखी, म्हणून स्पॅनिश लोकांनी तिला 'छोटी म्यान' म्हटलं. वारेला इंग्रजीत 'प्लासेंटा' म्हणतात, तो म्हणजे चपटा केक. हे नाव मात्र आम्हाला आवडलं, वार असतेच तशी, जाड भाकरीसारखी.

लाजेचा कारभार फक्त लॅटिनमध्ये नव्हता. जर्मन भाषेत लाजेला 'शाम' म्हणतात, आणि तिथं ओटीपोटाच्या खालच्या हाडाचं नाव 'शामबाईन', म्हणजे लाजेचं हाड. बाईच्या बाहेरच्या ओठांना 'शामलिप्पेन', लाजेचे ओठ. हाडाला कसली आलीय लाज? २०१८ साली मिथू सन्याल या जर्मन लेखिकेनं एका पत्रकार बाईंना सोबत घेऊन मागणी केली की कोशात 'व्हल्व्हालिप्पेन' असा साधा शब्द घाला. मिथू सन्याल यांचे वडील भारतातले, म्हणून नाव ऐकल्यासारखं वाटेल.

आणि ती यादी? ती बदलली. अमेरिकेत मायामीला शिकणारी एक वैद्यकीय विद्यार्थिनी आपल्या काकूंच्या फाईलमधली हीच नस शिकत होती. तिनं शब्दाचा अर्थ शोधला, तिला धक्का बसला, तिनं त्याचा इतिहास लिहिला आणि २०२१ साली तो शरीररचनेच्या एका मासिकात छापून आला. तिच्या आधीही काही शरीरशास्त्रज्ञांनी या नावावर बोट ठेवलं होतं. जगभरची नावं ठरवणाऱ्या मंडळानं २०१९ सालच्या नव्या यादीतून 'पुडेंडम फेमिनिनम' काढून टाकलं. आता तिथं फक्त 'व्हल्वा' आहे. नसेचं नाव मात्र तसंच ठेवलं, तिच्या शेजारच्या रक्तवाहिनीचंही. जगातल्या सगळ्या डॉक्टरांच्या तोंडी ते बसलंय. आमच्यात यावर दोन मतं पडली. एकीचं म्हणणं, नसेत बाई-पुरुष दोघं आहेत, राहू दे. दुसरीचं म्हणणं, दोघांनाही कशाला लाज?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ही सगळी परक्यांची भानगड. आपलं काय?

आपल्याकडं संस्कृतात 'योनी' म्हणजे उगमाची जागा, घर. त्यात लाज कुठंच नाही. कीर्तनकार महाराज मंडपात माईकवरून 'चौऱ्यांशी लक्ष योनी' म्हणतात, आपण हात जोडून ऐकतो, सासरे शेजारी बसलेले असतात, कुणाची मान खाली जात नाही. तोच शब्द दवाखान्यात डॉक्टरनं उच्चारला की आपण पदर तोंडाला लावतो. आणि देवीचं सांगायचं तर बदामीच्या संग्रहालयात, आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, जुन्या काळच्या अशा मूर्ती आहेत की देवी बाळंतीण बसावी तशी पाय फाकून बसलीय आणि मानेवर डोक्याच्या जागी कमळ फुललंय. लोक तिला लेकराबाळांसाठी पूजत. तिला आज काय म्हणतात? लज्जागौरी. रा. चिं. ढेरे यांचं याच नावाचं पुस्तक आहे. मूर्ती बघितली तर तिला कसलीच लाज दिसत नाही. नावात मात्र आहे.

आणि आपण रोज काय म्हणतो? 'खालचं', 'तिथलं', 'जागा', नाहीतर नुसतंच 'अंग'. अंगावरून जातं, अंगावर पांढरं जातं, अंग बाहेर आलं. म्हणजे आपल्याकडं लाजेचं नाव ठेवलं नाही, नावच ठेवायचं टाळलं. यातलं वाईट कुठलं, यावरही बैठकीत वाद झाला. गर्भाशयाला आपण 'पिशवी' म्हणतो. आम्हाला वाटतं, 'पिशवी' म्हटल्यानंही एक नुकसान झालं. पिशवी काय, काम झालं की काढून टाकायची वस्तू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या किती आणि का काढल्या गेल्या, याची चौकशी करायला २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. शब्दामुळं ते झालं असं नाही, पैसा आणि ऊसतोडीची घाई त्याच्या मागं होती. पण 'पिशवी काढून टाकू' हे वाक्य किती सहज तोंडातून जातं बघा.

हा वाद चालू असताना कोपऱ्यातून आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी बोलल्या. त्यांनी गावात चाळीस वर्षं सुइणीचं काम केलं. म्हणाल्या, "तुमी पोरी उगा भांडताय. नाव हाय की. मायांग."

आमच्यातल्या निम्म्याजणींनी तो शब्द ऐकलाच नव्हता. बाकीच्यांनी ऐकला होता तो 'मायांग बाहेर आलं' एवढ्याच बोलण्यात, म्हातारपणी अंग बाहेर येतं तेव्हा. आजी म्हणाल्या, आमच्या वेळी सुइणी आपसात हाच शब्द वापरायच्या, बाळाच्या वाटेलाही आणि आतल्या भागालाही. माय आणि अंग. फोड करायला ग्रंथालयात जायला नको, कोश नको. बाझलच्या पंडितांनी बाईच्या अवयवाचं नाव लाजेवरून पक्कं केलं होतं तेव्हा, अक्षरओळख नसलेल्या आपल्या सुइणी त्याला आईचं अंग म्हणत होत्या.

नाव नसल्यानं काय होतं, याची मोजणी आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० बायकांची तपासणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना मायांगाचा नाहीतर गर्भाशयाचा काही ना काही आजार निघाला. आणि शंभरातल्या फक्त ८ जणींची त्याआधी कधी आतून तपासणी झालेली होती. बाकीच्या अंगावर काढत होत्या. तोवर गरीब देशांतल्या बाईच्या आरोग्याचं बोलणं मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरतंच चाले. राणीताईंनी बायकांचं बोलणं ऐकून 'कानोसा' नावाचं पुस्तकही लिहिलंय, गटाच्या पैशातून घ्यावं असं आम्ही मागंच सुचवलं होतं, काहीजणींनी वाणसामानाला पैसे हवेत म्हणून मोडता घातला. पुन्हा विषय काढणार आहोत.

काकूंचं सांगायचं राहिलं. त्यांना गोळ्यांपेक्षा व्यायाम जास्त दिला. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आपण आवळतो ते आवळायचे, पाचसहा आकडे मोजायचे, सैल सोडायचे. असं दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. कुणाला दिसत नाही, चुलीपुढं बसूनही होतं. हे एरवी करायचं, रोज लघवी करताना करायचं नाही, एवढं डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं. तीन-चार महिन्यांत फरक पडला. पूर्ण बरं वाटतंय असं काकू म्हणत नाहीत, पण घडी केलेलं फडकं पिशवीत ठेवायचं त्यांनी बंद केलंय, आणि मुलीच्या सासरी एसटीनं जाऊन आल्या.

मागच्या महिन्यात पुन्हा दाखवायला गेल्या तेव्हा आमच्यातली एक सोबत होती. टेबलाशी एक अगदी तरुण डॉक्टर बसलेला, शिकाऊ, शहरातला. "काय त्रास होता, आजी?" काकूंना आजी म्हटलेलं आवडलं नाही, तरी सांगितलं, "बाळंतपणात मायांगापाशी नस ताणली, लघवी धरवत नव्हती." त्यानं पेन थांबवलं. "मायांग म्हणजे?"

काकूंनी त्याला सांगितलं. बाहेर बाकावर माणसं होती, दारही उघडंच होतं. त्यानं तो शब्द फाईलच्या कडेला मराठीत लिहून घेतला, आणि खाली इंग्रजीत पुन्हा तेच, पुडेंडल नर्व्ह.